सतरा बाय सतरा, आणि एक तीट

एक ठिपका. हरभऱ्याच्या डाळीएवढा. तेवढा पुसा, चित्र लावतो, असं मला कळवण्यात आलं.

कळवणाऱ्या होत्या हुद्दारबाई. कोल्हापुरातल्या एका कलादालनात दरवर्षी राज्यभरातली चित्रं लागतात, त्या प्रदर्शनाच्या निवड समितीच्या प्रमुख. आवाज गोड, पण गोड आवाजात नकार द्यायची सवय झालेला.

“मगदूमताई, चित्र सुंदर आहे हो. पण आमच्या तपासणी यंत्रानं ते सत्त्याण्णव टक्के यंत्रजन्य ठरवलंय. आणि तो खालचा काळा ठिपका, एकट्या रेघेच्या टोकाचा, तो तर तंतुजाल कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. त्यांच्या ‘विणकर’ यंत्राची खूण आहे ती. तेवढा ठिपका पुसलात तर ‘यंत्राच्या प्रेरणेने’ या विभागात लावता येईल.”

“आणि नाही पुसला तर?”

“तर नक्कल म्हणून परत पाठवावं लागेल. पाच वर्षं तुमचं नाव यादीतून बाद. नियमच आहे.”

“बाई, तो ठिपका त्या विणकराच्या जन्माआधीचा आहे.”

“मग तसं दाखवून द्या. पंचवीस तारखेला सुनावणी आहे, दुपारी बाराला.”

मी फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “पूस की मग. एवढुसा तर आहे.” त्या दिवशी यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

मी उज्ज्वला मगदूम, मुक्काम मिरज. चित्रकलेच्या शाळेची पायरीसुद्धा कधी चढलेली नाही. पस्तीस वर्षं वीज खात्याच्या भार नियंत्रण कक्षात काढली. कुठल्या तारेतून किती वीज वाहतेय ते बघायचं, कुठे बिघाड झाला की कुठलं बटण दाबून कुठून वळसा घालायचा ते ठरवायचं. समोरच्या भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याचं जाळं मांडलेलं. उभ्या रेघा, आडव्या रेघा, जिथे मिळतील तिथे गोल. बायकांना स्वप्नात देव दिसतात, मला त्या रेघा दिसायच्या. शेवटी एक दिवस त्या मी कागदावर उतरवल्या, आणि मग थांबलेच नाही.

लोक विचारतात, हे कशाचं चित्र? मी म्हणते, रेघांचं. त्यात डोंगर नाही, झोपडी नाही, घागर घेतलेली बाई नाही. फळीवर आधी सतरा बाय सतरा ठिपके घालते, आमच्या गल्लीत दिवाळीला घालायचो तसे. मग गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणायची आणि टचकन सोडायची. रेघ उमटते. एक टोक मी धरते, दुसरं हे धरतात. तेवढ्यापुरते आमचे संबंध सरळ असतात.

आता तो ठिपका. माझी आई रांगोळी घातली की एका कोपऱ्यात मुद्दाम एक चुकार रेघ ओढायची आणि तिच्या टोकाला कोळशाचा ठिपका द्यायची. म्हणायची, फार नीट झालं की दृष्ट लागते. रांगोळीलाही तीट हवी. तान्ह्या पोराच्या गालाला काजळाचं बोट लावतात, तशी. तेव्हा मला ते खुळचट वाटायचं. मग माझी ऋजुता झाली. सात महिन्यांची असताना ती मांडीवर, आणि समोर जमिनीवर माझं पहिलं मोठं चित्र. तिला तीट लावली, आणि त्या गुलामानं असा काही हात झटकला की माझं काजळाचं बोट चित्रावर टेकलं. मी चिडले, मग हसले. त्या ठिपक्यापर्यंत एक रेघ ओढली आणि तसंच राहू दिलं. पुढच्या प्रत्येक चित्रात तो ठिपका आला. जागा रेघांप्रमाणे हलायची, हिशेब तोच. माझ्या चित्रांत चेहरा नसतो, पण गाल असतो. हे मी ऋजुताला कधी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी आपल्या घरात कोण बोलतं?

नाव ऋजुता ठेवलं, म्हणजे सरळपणा. मोठी होऊन ती पुण्याला तंतुजाल कंपनीत वीजजाळ्यांची अभियंता झाली. आई बटणं दाबायची, लेक अख्खी जाळी आखणार, म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. सहा वर्षांपूर्वी ती घरी आली आणि माझ्या एकशे बारा चित्रांचे नीट फोटो काढून घेऊन गेली. म्हणाली, “आई, कधी वाळवी लागली तर? जपून ठेवायला हवीत.” मला भरून आलं. लेकीला आपली किंमत आहे, असं वाटलं. कप्पाळ!

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. गावोगावी वीज न्यायची तर तारा झाडासारख्या टाकता येतात: खोड, फांद्या, डहाळ्या. तार कमी लागते, पण एक फांदी मोडली की पुढचं सगळं अंधारात. किंवा माशाच्या जाळ्यासारख्या टाकता येतात, गाव चारी बाजूंनी जोडलेलं. मग तार तुटली तरी वीज दुसरीकडून येते, पण तारा मैलोगणती वाढतात, आणि एकीकडचा बिघाड सगळीकडे पसरायची भीती. खरी गंमत दोन्हीच्या मध्ये आहे. झाडच ठेवायचं, पण नेमक्या चार ठिकाणी फांदीला फांदी बांधायची. कुठल्या चार? शंभर गावं असली तर ती निवडायच्या वाटा इतक्या होतात की सगळ्या तपासायला यंत्रालाही जन्म पुरत नाही.

विणकर हे शिकणारं यंत्र आहे. त्याला नियम सांगत नाहीत, नमुने दाखवतात. नमुन्यांत सारखं काय आहे ते ते आपलं आपण हुडकतं आणि तसंच नवं घडवतं. कंपनीनं त्याला देशोदेशीचे आराखडे दाखवले, जमेना. मग कुणीतरी त्याला माझी चित्रं दाखवली, आणि जमलं. जमणारच. पस्तीस वर्षं मी रोज तुटलेल्या तारा सांधत होते. कुठे बांधलं म्हणजे धरून राहतं, हे माझ्या बोटांत बसलं होतं आणि बोटांतून फळीवर उतरलं होतं. ज्या गावांची जाळी विणकरनं आखली तिथे वीज जायचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आलं. जिकडेतिकडे विणकर, विणकर. त्याची चित्रंही लोक दिवाणखान्यात लावायला लागले. आयत्या बिळावर नागोबा!

पण अशा यंत्राची एक गोम असते. नमुन्यातलं कामाचं काय आणि सवयीचं काय, हे त्याला कळत नाही. त्याला सगळंच सारखं.

हुद्दारबाईंचा फोन आला त्याच रविवारी ऋजुता मिरजेला आली. मी म्हटलं, चल, तुझ्या यंत्राची करामत दाखव. ती मला सोनारमळ्याला घेऊन गेली. मिरजेपासून अर्ध्या तासावरची वस्ती, विणकरच्या आराखड्यातलं पहिलं गाव. तारा सुरेख ओढल्या होत्या. बघता बघता मला माझी रेघ ओळखू आली. आपलं पोर गर्दीत पाठमोरं ओळखावं, तसं झालं. वस्तीच्या मागे मात्र एक तार सगळ्यांपासून फुटून ओढ्याच्या कडेला गेली होती, आणि एका खांबावर संपली होती. पुढे ना घर, ना पंप. खांबाला कुणीतरी रेडकू बांधलं होतं.

“हा खांब कशाला?” मी विचारलं.

“तो अंतबिंदू,” ऋजुता म्हणाली. “विणकर प्रत्येक जाळ्यात असा एक खांब टाकतं. आत्तापर्यंत एकसष्ट झालेत. नक्की कारण अजून कळलं नाहीये, पण जाळी इतकी चांगली चालतात की कुणी हात लावत नाही. मी त्यावर शोधनिबंध लिहिलाय. त्याच्यामुळेच तर बढती मिळाली मला.”

शेजारी शेण थापत बसलेल्या गोदाक्का म्हणाल्या, “काय उपेग न्हाई बगा त्येचा. दिवा तरी लावा म्हटलं, हिकडं ओढ्याला साप असत्यात. तर यंत्रात बसत न्हाई म्हणत्यात.”

मी वाकून त्या तारेकडे पाहिलं. कुठून फुटली, किती खाली आली, कुठे वळली. आणि मला असं हसू फुटलं की रेडकूसुद्धा दचकलं.

“ऋजे, अगं, ही तीट आहे!”

“काय?”

“तीट! काजळाची! माझ्या चित्रांतली! तुझ्या त्या विद्वानांनी एकसष्ट गावांत माझी तीट सिमेंटमध्ये उभी केली!”

मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ओढ्याच्या कडेला ती मटकन बसली आणि म्हणाली, “आई, हे कुणाला सांगू नकोस.”

“किती चित्रं दाखवलीत त्या यंत्राला?”

“थोडी.”

“किती?”

“सगळी.” तिनं मान खाली घातली. “तेव्हा नुसता प्रयोग होता, आई. नाव लिहायचं राहून गेलं. ‘विविध रेखाचित्रांचा संग्रह’ असं लिहिलं मी. मग ते इतकं मोठं झालं की मागे जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. आता अंतबिंदू नोंदवलाय. सगळीकडे माझं नाव आहे. तो काजळाचा ठिपका आहे असं बाहेर आलं, तर जग हसेल आणि मला कोणी दारात उभं करणार नाही.”

“आणि मला नक्कल करणारी म्हणतात, त्याचं काय?”

“एक ठिपका पूस ना, आई. तुझं चित्र तेवढ्यानं बिघडणार आहे का?”

तळपायाची आग मस्तकात गेली. वाळवी लागू नये म्हणून फोटो काढले म्हणे! वाळवी परवडली. “ऋजुता मगदूम,” मी म्हटलं, “तुला दोन घास जास्त मिळावेत म्हणून मी माझं ताट पुढे केलं असतं. हात नाही तोडून देणार. ठिपका पुसणार नाही. पंचवीस तारखेला जाणार, आणि सगळ्यांसमोर बोलणार.”

“म्हणजे मला बुडवणार.”

“मी तुझं नावही घेणार नाही. माझ्या ठिपक्याबद्दल बोलीन. तू बुडशील की पोहशील, ते तुझं तू बघ.”

तो ठिपका कुणाच्या गालाचा, हे मी त्या क्षणी सांगितलं असतं तर ती विरघळली असती. जिभेवर आलं होतं. पण गळ घालून परत मिळालेली लेक मला नको होती. दोघी एका गाडीतून मिरजेला आलो. ती तशीच पुण्याला निघून गेली. भाकरी टोपल्यात राहिली. रात्री मी यांच्याजवळ रडले, खोटं कशाला बोलू. हे म्हणाले, “चित्र मी उचलीन. जाऊ आपण.”

पंचवीस तारखेला सोलापुरी चादरीत चित्र गुंडाळून आम्ही कोल्हापूर गाठलं. कलादालनाच्या मधल्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा. हुद्दारबाई दिसायला माझ्याच वयाच्या, इरकल नेसलेल्या. शेजारी समितीचे दोघं जण, आणि कंपनीकडून आलेले डॉ. पाटणकर, विणकर प्रकल्पाचे प्रमुख. त्यांच्यामागे तांत्रिक मदतीला म्हणून माझी ऋजुता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, पण ती वाळलीय हे दिसलंच.

तपासणी यंत्राचा डोळा चित्रावरून फिरला आणि पुन्हा सत्त्याण्णव टक्के असा आकडा आला.

“यंत्र पक्षपात करत नाही,” पाटणकर म्हणाले.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “बाप लेकासारखा दिसतो असं ते सांगतंय. बाप कोण ते त्याला विचारलंच नाही तुम्ही.”

हुद्दारबाईंनी ओठ दाबले. पाटणकरांनी घसा साफ केला. “अंतबिंदू हा विणकरचा मूलभूत शोध आहे. तारेत विजेची अचानक उसळी आली की ती या टोकाकडे जाते आणि तिथे शांत होते, असा आमचा सिद्धान्त आहे.”

आता मात्र माझ्यातली नियंत्रण कक्षातली बाई जागी झाली. “अहो डॉक्टर, मोकळ्या टोकाला उसळी शांत होत नाही. आपटून मागे फिरते, आणि आपटताना दुप्पट होते. हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवायचे. म्हणून तर तुम्हाला त्या प्रत्येक खांबावर उसळी जमिनीत उतरवणारा वेगळा अरेस्टर बसवावा लागला. तो खांब कशाचाही शोध नाही. ती तीट आहे.”

“कसली तीट?”

मग मी सांगितलं. आईची रांगोळी, सतरा ठिपके, सात महिन्यांचं पोर, झटकलेला हात. कुणाचं पोर ते बोलले नाही. पाटणकर हसले. “कथा छान आहे. पण तुम्ही आमचे छापलेले आराखडे पाहून मागाहून ही कथा रचली नाही कशावरून?”

“तुमच्याच निबंधात काय लिहिलंय? अंतबिंदूची जागा आधी सांगता येत नाही. पाच वर्षं शोधताय, सापडत नाही. आहे ना असं?”

“आहे.”

“मी सांगते. कुणीही न पाहिलेला आराखडा पडद्यावर लावा. तेवढा ठिपका आणि त्याची रेघ झाका. मी बोट ठेवते. चुकले, तर इथेच सगळ्यांसमोर ठिपका पुसते, आणि पुन्हा दोरीला हात लावत नाही.”

यांनी माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला.

“न छापलेले आराखडे गोपनीय असतात,” पाटणकर उठत म्हणाले. “कंपनी असले खेळ खेळत नाही. बाई, निकाल द्या.”

हुद्दारबाईंनी चष्मा काढला. “मगदूमताई, आराखडाच नसेल तर मी तरी काय करू?”

मी चादर उचलली, चित्र गुंडाळायला लागले.

“माझ्याकडे आहे.”

ऋजुता उभी राहिली होती. “नव्या वसाहतीचा आराखडा. काल संध्याकाळी तयार झाला. पाटणकर सरांनीसुद्धा अजून पाहिलेला नाही.”

“ऋजुता, बस खाली,” पाटणकर म्हणाले. “याचा अर्थ तुला कळतोय का?”

“कळतोय, सर.” आणि ठिपका व त्याची रेघ झाकून तिनं पडद्याला जोडणी केली.

पडद्यावर जाळं उमटलं. सतरा बाय सतरा ठिपक्यांत घातलेलं. विणकर कुठलंही गाव सतरा बाय सतरातच का घालतं, हेही आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे! मी पिशवीतून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं. सगळ्यात जास्त रेघा कुठे मिळतात ते शोधलं. “हे कपाळ,” मी म्हटलं. “इथून तीन घरं खाली. कपाळावरून गालावर. आमच्याकडे तीट डाव्या गालाला लावतात.” आणि माझं बोट उजवीकडे दोन घरं सरकलं.

“थांबा!” पाटणकर ओरडले. “डावा गाल म्हणालात आणि उजवीकडे चाललात. स्वतःचंच विसरलात!”

“अहो, बाळ आपल्याकडे तोंड करून असतं! त्याचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो. कधी पोर मांडीवर घेतलं नाहीत वाटतं?”

हुद्दारबाई खळखळून हसल्या. मग गप्प झाल्या, कारण त्यांचा स्वतःचा हात नकळत उचलला गेला होता, बोट पुढे करून, हवेतच, उजवीकडे. त्या आपल्या बोटाकडे बघत राहिल्या.

मी पडद्यावर काजळ टेकवलं. “आता दाखव, ऋजुता.”

तिनं झाकलेलं उघडलं. कपाळापासून एक रेघ निघाली, तीन घरं खाली उतरली, उजवीकडे वळली, दोन घरं चालली आणि माझ्या काजळाशी येऊन थांबली. विणकरचा ठिपका दिसलाच नाही. तो काजळाच्या खाली होता.

पाटणकर खुर्चीत बसले. समितीतले एक जण म्हणाले, “योगायोग असेल.” मी म्हटलं, “एकसष्ट गावांचे आराखडे काढा. माझ्याकडे काजळ पुष्कळ आहे.”

“आई,” ऋजुतानं विचारलं. “ते सात महिन्यांचं पोर कोण?”

“एवढी शिकलीस आणि हे विचारतेस? किती पोरं आहेत गं मला?”

तिचा हात हळूच डाव्या गालाकडे गेला. ती हुद्दारबाईंकडे वळली. “मॅडम, लिहून घ्या. विणकरला शिकवलं ते माझ्या आईच्या एकशे बारा चित्रांनी. ती मी नेली, न विचारता. तिचं नाव मी लिहिलं नाही. आणि तो ठिपका कंपनीचा नाही. तो गाल माझा आहे.” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळ्यांसमोर आलं, येऊ दिलं.

हुद्दारबाईंनी निकालपत्रावर यंत्राचा सत्त्याण्णव टक्क्यांचा छाप तसाच ठेवला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चित्र लावावे, ठिपक्यासकट.

ऋजुताची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. कंपनीनं विणकरमधून ठिपका काढला. मला पत्र आलं: सदर एकसष्ट खांब आपल्या चित्रांतील त्रुटीमुळे उभे राहिले असून ते पाडण्यास आपली हरकत नसल्याचे सही करून कळवावे. त्रुटी! माझ्या त्रुटी! मी त्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं: हरकत आहे. एकही खांब हलवायचा नाही. ती चूक नव्हे, तीट आहे. मात्र टोक मोकळं ठेवू नका, तिथे दिवा लावा. सोनारमळ्यापासून सुरुवात करा, तिकडे ओढ्याला साप असतात. खाली सही केली, आणि सहीशेजारी काजळाचं बोट उठवलं. त्याच्या प्रती काढून ऋजुतानं एकसष्ट ग्रामपंचायतींना धाडल्या. गोदाक्कांच्या ग्रामपंचायतीनं ठराव करून कंपनीला कळवलं, खांबाला हात लावाल तर खबरदार. पाठोपाठ बाकीच्यांचेही ठराव आले. चार महिन्यांत एकसष्ट दिवे लागले.

दिवे लागायच्या आधीच प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, त्याला आम्ही तिघं गेलो. दारातच ‘यंत्राच्या प्रेरणेने’ विभागासाठी आलेली तंतुजालची माणसं घोळक्यानं उभी होती, मध्ये पाटणकर, आणि ऋजुताबरोबर कालपरवापर्यंत डबा खाणारी तिच्या वयाची मुलं. तिला पाहून त्यांनी माना फिरवल्या. ती थबकली.

“मागच्या दारानं जाऊया?” यांनी विचारलं.

“मागच्या दारानं का?” ती म्हणाली. मग माझ्या पिशवीत हात घालून तिनं डबी काढली, उघडून माझ्यापुढे धरली, आणि गाल पुढे केला. छत्तीस वर्षांची घोडी, भर रस्त्यात.

मी बोट बुडवलं आणि हलकेच टेकवलं.

“एवढीशी काय लावतेस, आई?” ती म्हणाली. “मोठी लाव. लांबून दिसली पाहिजे.”